साडेचारशे वॉटचा डबा

ग्राफिक्स कार्ड (पीसीत गेमची चित्रं तयार करणारा भाग) घ्यायचंय असं चार लोकांत नुसतं बोलून बघा, ज्यांनी कधी तब्येतीची चौकशी केली नाही ते पण बजेट विचारायला लागतात. आणि बजेट सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं, अजून थोडे घातले तर वरचं येतंय बघ. वरच्याचं बघायला जावं तर त्याच्या वर अजून एक असतंच, आणि प्रत्येक पायरीला ते 'थोडे' खरंच थोडेच असतात हो, त्यामुळे होतं काय की माणूस १०८०पी वर दोन-चार गेम धड चालावेत एवढ्यासाठी निघालेला असतो आणि रात्री दोन वाजता आरटीएक्स ५०९० चे फोटो झूम करून बघत बसलेला सापडतो, जे कार्ड एकटं ५७५ वॉट ओढतं, आणि वर स्वतःला सांगत असतो की एकदा घेऊन टाकलं की पुढची कितीतरी वर्षं बघायला नको.

माझ्याकडे होतं जीटीएक्स १०५० टीआय. २०१६ चं मॉडेल, चार जीबी मेमरी, ७५ वॉट. हा ७५ आकडा महत्त्वाचा आहे बरं का, कारण मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त तेवढीच वीज देतो, म्हणजे हे बिचारं कार्ड जागेवर बसल्या बसल्या जे मिळेल त्यात भागवायचं, वेगळी केबल म्हणून मागायचं नाही. इतकं सोशीक हार्डवेअर घरात असलं की आपल्याला वाटतं सगळीच कार्डं अशी असतात.

नवीन बघायला घेतलं आणि पहिला दणका नावांनीच दिला. एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांत पहिले आकडे पिढीचे आणि शेवटचे दोन ताकदीचे, इथपर्यंत ठीक आहे, पण त्यापुढे टीआय, मग सुपर, मग टीआय सुपर (हो, आरटीएक्स ४०७० टीआय सुपर नावाचं कार्ड खरंच आहे), तिकडे दुसऱ्या कंपनीकडे, एएमडीकडे, एक्सटी, एक्सटीएक्स, आणि एक जीआरई, ज्याचा अर्थ शोधला तर निघाला गोल्डन रॅबिट एडिशन. सोनेरी ससा! मी पीसी अपग्रेड करतोय का पंचतंत्र वाचतोय कळेना. बरं नाव सारखं म्हणजे माल सारखा असंही नाही. जीटीएक्स १०६० तीन जीबीत पण यायचं आणि सहा जीबीत पण, सगळ्यांना वाटायचं फरक मेमरीचाच, प्रत्यक्षात तीन जीबीवाल्यात कोअर (आकडेमोड करणारे छोटे भाग) सुद्धा कमी, ११५२, आणि सहावाल्यात १२८०. २०२२ मध्ये तर एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० नावाची दोन वेगवेगळी कार्डं जाहीर केली, १६ जीबी आणि १२ जीबी, त्यावर एवढी बोंबाबोंब झाली की बारावालं बाजारात यायच्या आधीच मागे घेतलं आणि नंतर तेच ४०७० टीआय म्हणून आणलं. कंपनीलाच आपल्या कार्डाचं नाव काय ठेवावं कळत नसेल तर आपण कुठे लागून गेलो.

या सगळ्यात माझा सल्लागार म्हणजे माझा भाचा. वय कॉलेजचं, आत्मविश्वास थेट चिप डिझाइन करणाऱ्याचा. मी आपलं भीत भीत आठ जीबीचं एक कार्ड दाखवलं तर म्हणाला, "मामा, आठ जीबी घेणार असशील तर घेऊच नकोस, आहे ते वापर." मी म्हटलं अरे आत्ता चारवर चाललंय ना माझं. तर त्याने अशा नजरेने बघितलं की मी गप्प बसलो. पण पोरगं बरोबर होतं हे मान्य करायला पाहिजे. कार्डाची मेमरी भरली की त्याला मुख्य रॅमकडे धाव घ्यावी लागते, ती स्लॉटच्या लेनमधून, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटांमधून, आणि हल्लीच्या मधल्या पट्टीतल्या बऱ्याच कार्डांना सोळाऐवजी आठच लेन दिलेल्या असतात, आरटीएक्स ५०६० टीआय घ्या, त्याचं तसंच आहे. नव्या बोर्डावर ते खपून जातं कारण एकेक लेन वेगवान असते, पण माझा बोर्ड पीसीआयई ३.० चा (या स्लॉटची जुनी पिढी), म्हणजे लेन अर्ध्या आणि त्याही जुन्या वेगाच्या. म्हणून शेवटी १६ जीबी आणि पूर्ण सोळा लेन असलेलं आरएक्स ९०६० एक्सटी नक्की केलं. १६० वॉट, आठ पिनांची एकच केबल. झालं काम असं वाटलं.

मग भाचा म्हणाला, "मामा, तुझा पॉवर सप्लाय कुठला आहे?"

आता खरं सांगा, हा प्रश्न कोणी कोणाला विचारतं का? लोक प्रोसेसर विचारतात, रॅम विचारतात, आत लाइट आहेत का विचारतात. पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या सगळ्यांना वाटणारा डबा, हा नाटकात पडदा ओढणाऱ्या माणसासारखा, सगळं नाटक त्याच्यावर आणि नाव कुठेच नाही. माझा तर कॅबिनेटसोबतच आला होता. वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं, आणि माझं गणित सोपं होतं, कार्ड १६०, प्रोसेसर ६५, बेरीज २२५, म्हणजे निम्माच वापर, उरलेल्यात अजून एक पीसी चालेल. भाच्याने टॉर्च मागितली, कॅबिनेट उघडून आतल्या बाजूचं स्टिकर वाचायला लागला आणि म्हणाला, "बारा व्होल्टवर किती अँपिअर आहे ते बघ." तिथे होतं १८. बारा गुणिले अठरा, २१६ वॉट.

बाकीचे वॉट गेले कुठे? तर ते ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यात होते, तिथे अँपिअर ढीगभर. एके काळी प्रोसेसर ५ व्होल्टवर चालायचे तेव्हा त्याचा उपयोग होता, आता प्रोसेसर आणि कार्ड दोघंही बारा व्होल्टवरच जगतात आणि त्या दोन रकान्यांकडे फारसं कोणी फिरकत नाही. सगळ्या रकान्यांतले आकडे उदार मनाने गोळा करायचे, आलेली बेरीज बाहेर मोठ्या अक्षरात छापायची, झाला साडेचारशेचा डबा. त्यात परत ६५ वॉटचा प्रोसेसर ६५ वरच थांबतो असं पण नाही, माझा एएमडीचा जो जुन्या एएम४ सॉकेटवाला आहे त्याला जोर लावला की ८८ पर्यंत जायची मुभा असते. १६० अधिक ८८ म्हणजे २४८. आणि खाली आहेत २१६, ते पण स्टिकरवरचे.

आठ पिनांची केबल तर त्या डब्याला नव्हतीच. तेव्हा एका मित्राने तत्परतेने सुचवलं की ॲडॉप्टर मिळतो की, दोन सॅटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) पिना एका बाजूला, आठची पिन दुसऱ्या बाजूला, लाव आणि विसर. विसर हा शब्द त्याने फार सहज वापरला. सॅटाचा एक कनेक्टर बारा व्होल्टवर साडेचार अँपिअरसाठी बनवलेला असतो, म्हणजे ५४ वॉट, दोन धरले तर १०८, आणि समोर आठ पिनांचं सॉकेट १५० मागू शकतं. तो लावला असता तर विसरणं अवघड होतं, वासानेच आठवण राहिली असती.

म्हणजे आता पॉवर सप्लाय पण आला. आणि इथे माझं ठाम मत सांगतो, कार्ड निवडणं सोपं आहे, कारण कार्डाचे फ्रेम, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, मोजता येतात, दहा व्हिडिओ असतात, बार असतात, लांब बार चांगला आखूड बार वाईट, लहान मूल पण निवडेल. पॉवर सप्लायचं काय मोजणार? चालतोय म्हणजे चालतोय. त्यामुळे त्याच्याबद्दल जो तो श्रद्धेने बोलतो. एका मित्राचा नियम असा की काहीही असो, हजार वॉट घ्यायचा, डोक्याला ताप नको. त्याच्या पीसीत आहे काय तर एक साधं कार्ड, सगळं मिळून अडीचशेच्या वर जात नसेल. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये माहिती भरली तर एकाने ४५० सांगितलं, दुसऱ्याने ६५०, आणि तिसऱ्याने आधी विचारलं की पंखे किती आहेत, त्यांच्यावर लाइट आहेत का, माउस कुठला. माउस! घरात हजार वॉटचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे इस्त्री दिवसभर चालू ठेवल्यासारखंच की." तिला समजावलं की तो आकडा जास्तीत जास्त किती देऊ शकतो याचा असतो, पीसीला लागेल तेवढंच तो ओढतो. तिने ऐकून घेतलं. पटलं नाही.

मग सोनं-चांदी सुरू झालं. पॉवर सप्लायवर ८० प्लस असा शिक्का असतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किमान ८० टक्के तरी कामाला लागते, उरलेल्याची उष्णता होते, आणि त्यात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशा पायऱ्या. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडवर ब्राँझला ८५ टक्के लागतात आणि गोल्डला ९०. मी कागदावर मांडून बघितलं, पीसीला ३०० वॉट हवे असतील तर ब्राँझ भिंतीतून साधारण ३५३ घेणार आणि गोल्ड ३३३. म्हणजे एवढं सगळं सोनं जाऊन फरक उरला २० वॉटचा, दोन एलईडी बल्ब. आणि मुख्य गोष्ट अशी की हा पदक समारंभ फक्त कार्यक्षमतेचा आहे, शॉर्ट झालं तर डबा वेळेवर बंद पडेल का, आतले कपॅसिटर किती वर्षं टिकतील, पंखा किती ओरडेल, याच्याशी त्या पदकाचा थेट संबंध नाही. चांगला ब्राँझ रद्दड गोल्डपेक्षा बरा असू शकतो. पण चांगला कुठला हे कसं कळणार, तर त्यासाठी जगात काही सद्गृहस्थ आहेत जे पॉवर सप्लाय उघडून, ऑसिलोस्कोप लावून रिपल, म्हणजे व्होल्टची थरथर, मोजतात, बारा व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंत चालतं म्हणे. गेम खेळायला म्हणून निघालेला मी रात्र रात्र ते ग्राफ वाचायला लागलो. सांगायला हरकत नाही, त्यात गेमपेक्षा जास्त सस्पेन्स होता.

त्याच ग्राफांत ते स्पाइक प्रकरण भेटलं. कार्डावर १६० लिहिलंय म्हणजे सरासरी १६०, मधेच क्षणभर ते बरंच वर उडी मारतं, आणि मोठ्या कार्डांच्या उड्या इतक्या जोरदार असतात की चांगले चांगले पॉवर सप्लाय घाबरून बंद पडायचे, माणूस ऐन लढाईत आणि स्क्रीन काळी. म्हणून २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे पॉवर सप्लायचं नवीन मानक आलं, त्यात अट अशी की १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार आला तरी डगमगायचं नाही. आणि याच काळात ती बारा अधिक चार पिनांची नवीन केबल आली, ६०० वॉटवाली, म्हणजे बारा व्होल्टवर ५० अँपिअर आणि तो भार सहा तारांत वाटलेला, आणि आरटीएक्स ४०९० आल्यावर ती वितळल्याचे फोटो जगभर फिरले. पुढे कनेक्टर सुधारला, नीट आत बसला नाही तर कार्ड वीजच घेणार नाही अशी सोय केली. हे सगळं मी इतकं भक्तिभावाने वाचलं, इतका हादरलो, आणि मग भाचा म्हणाला, "मामा, तुझ्या कार्डाला ती केबल नाहीच आहे."

असो. ६५० वॉटचा एटीएक्स ३.१ वाला गोल्ड घेतला, दोन एलईडी बल्बांसाठी. हजारवाला मित्र अजून हळहळतोय.

पार्सल यायच्या आधी एक काम मात्र केलं, टेप घेऊन कॅबिनेट मोजलं. कागदावर म्हणत होतं ३३० मिमीपर्यंतचं कार्ड बसेल, पण समोरचा पंखा २५ मिमी खातो हे कागद सांगत नाही. सुदैवाने माझं कार्ड दोन पंख्यांचं आखूड निघालं, तीन पंख्यांवाला भाऊ घेतला असता तर हार्ड डिस्कचा पिंजरा तरी जाणार होता नाहीतर मी तरी. बसवताना कार्डाच्या पोटाखाली दोन सॅटा पोर्ट गडप झाले, त्यांना आता तिथेच राहायचंय. आणि एक गंमत, प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि कार्डाची आठ पिनांची केबल लांबून जुळ्या बहिणी दिसतात, एक चार अधिक चार अशी तुटते आणि दुसरी सहा अधिक दोन, आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत म्हणून बरं, नाहीतर माझ्यासारख्यांनी जोर लावून जगात काय काय जाळलं असतं देव जाणे.

नवीन पॉवर सप्लाय मॉड्युलर आहे, म्हणजे लागतील त्याच केबल लावायच्या. त्यामुळे उरलेल्यांची एक फुगलेली पिशवी तयार झाली आणि तिच्यावर मी मार्करने पॉवर सप्लायचं मॉडेल लिहून ठेवलंय. परवा तोच ॲडॉप्टरवाला मित्र आला, पिशवी बघितली आणि म्हणाला, "ए, एक सॅटाची दे ना, माझी सैल झालीये." म्हटलं नाही देणार. तो हसला. मी हसलो नाही. त्याला सांगायला गेलो की बाबा, हार्ड डिस्कच्या बाजूची पिन सगळ्यांची सारखी असते पण पॉवर सप्लायच्या बाजूला कुठल्या भोकात काय व्होल्ट येणार हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत पण वेगळं असतं, लावलीस तर घट्ट बसेल आणि तुझी हार्ड डिस्क जाईल, पाच व्होल्टच्या जागी बारा मिळतील. तो म्हणाला, "सरळ सांग ना द्यायची नाही म्हणून." तेव्हापासून आमच्या सगळ्या ग्रुपमध्ये मला केबलवाला म्हणतात, आणि कोणाचं टीव्हीचं चॅनेल दिसेनासं झालं तरी फोन मलाच येतो.