कंपनी विकली, मग आमच्या माणसाचं काय?

सकाळपासून शेअरवाल्या ग्रुपवर अभिनंदन चाललंय. अजून एका औषध कंपनीने दुसरी घेतली, भाव वर गेला, ज्यांनी धरून ठेवले होते त्यांची चांदी झाली. मी अभिनंदन केलं नाही, करणारही नाही. मी ते मेसेज वाचत होतो तेव्हा माझ्या मेडिकलच्या काउंटरसमोर एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा फिरता प्रतिनिधी, शेवटच्या कॉलला (भेटीला) आला होता.

त्याच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याचा फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा हिशोब, अजून व्हायचाय. मोठ्या कंपनीने त्यांची कंपनी घेतली आणि सांगलीत एका एरियाला दोन माणसं झाली. कुणीही त्याला "जा" म्हटलं नाही. हेडक्वार्टर, म्हणजे कामाचं गाव, रायपूर केलं, बस्स. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत, वडील डायलिसिसवर. तो रायपूरला जाणार कसा? राजीनामा त्यानेच लिहिला. म्हणजे कागदावर सगळं स्वच्छ.

तुम्ही म्हणाल, धंदा आहे, होतं असं. होतं ना! पण नक्की काय विकलं जातं ते एकदा बघा. 2010 साली अमेरिकेच्या अ‍ॅबटने पिरामलचा देशातला औषधविक्रीचा धंदा 372 कोटी डॉलरला घेतला, तेव्हाचे जवळपास 17 हजार कोटी रुपये. हिमाचलमधल्या बद्दीच्या कारखान्याची ती किंमत नव्हती. किंमत होती ब्रँडची, म्हणजे डॉक्टरच्या हाताला चिठ्ठीवर जे नाव लिहायची सवय लागलेली असते त्याची. ती सवय लावली कुणी? रात्री साडेदहाला दवाखान्याच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन, शेवटचा पेशंट बाहेर यायची वाट बघत बसणाऱ्यांनी. डॉक्टरांना भेटवस्तूही जातात, ते मला दिसतं आणि आवडत नाही. पण पायपीट खोटी नाही.

2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी माझ्या दुकानात शिरलं. पाणी ओसरल्यावर हाच पोरगा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आला. स्वतःच्या कंपनीचा भिजलेला माल वेगळा काढलाच, दुसऱ्यांचाही काढला. बॅच नंबर पुसट झालेल्या स्ट्रिपा ट्यूबलाइटखाली तिरप्या धरून वाचायचा आणि मला लिहायला सांगायचा. त्या यादीवर मला क्रेडिट नोट मिळाली, म्हणजे भिजलेल्या मालाची रक्कम वळती झाली. हे काम कुठल्या ताळेबंदात धरतात?

जेबी केमिकल्स या औषध कंपनीचं बघा. रॅनटॅक, मेट्रोजिल, सिलाकार, घराघरातली नावं. 2020 मध्ये केकेआर या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने सुमारे 3,100 कोटी देऊन 54 टक्के हिस्सा घेतला. 2025 च्या जूनमध्ये केकेआरने कंपनीतला 46.39 टक्के हिस्सा टोरंट या औषध कंपनीला 11,917 कोटींना द्यायचं ठरलं. बेकायदा काहीच नाही. पण पाच वर्षांत एवढा फुगलेला भाव घेणारा वसूल कुठून करणार? माझ्या मते दोनच जागा आहेत, फिल्डवरच्या माणसाचं टार्गेट आणि पेशंटचा खिसा. सरकारने भाव बांधून दिलेल्या यादीत जे औषध नाही, त्याची एमआरपी वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवायला मुभा आहे. बीपीची गोळी तर माणूस जन्मभर घेतो. हिशोब तुम्हीच करा.

मान्य, प्रत्येक खरेदी वाईट नसते. एल्डर ही औषध कंपनी कर्जात बुडत होती, टोरंटने तिचे ब्रँड घेतले नसते तर शेलकॅल ही कॅल्शियमची गोळी आज एवढं सहज मिळालं असतं का, सांगता येत नाही. रॅनबॅक्सीने तर स्वतःच्या हाताने माती केली. 2008 मध्ये जपानच्या दाइची सॅंक्योने ती घेतली, 2013 मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून 50 कोटी डॉलर भरावे लागले, आणि मग सन फार्माकडे गेली. व्होलिनी, रिव्हायटल राहिली, कंपनीचं नाव गेलं. त्याचं मला दुःख नाही.

आणि भागीदारीला तर माझा विरोधच नाही. आपल्या पुण्यात सीरमने ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस बनवली, तेव्हा कुणी कुणाला गिळलं नाही. त्यांच्याकडे शोध होता, आपल्याकडे बनवायची ताकद होती. माझ्या आईने तीच कोविशील्ड घेतली. असं जमतं, हे आपण बघितलंय.

लिहायला बसलो तेव्हा डोकं फार तापलं होतं. आता जरा शांत झालोय, पण तो पोरगा आज काय बोलला ते सांगतोच. म्हणाला, "दादा, एक्सपायरीचा बॉक्स काढा, मी आहे तोवर क्लेम टाकून देतो. नंतर तुम्हाला कुणी विचारणार नाही." नोकरी गेलेला माणूस माझ्या नुकसानीची काळजी करत होता! दोघांनी खाली बसून स्ट्रिपा मोजल्या. चहा मागवला, तो गार झाला.

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. एक्सपायरी मालाचे पैसे कंपनीकडून परत मागायचे असतात, पण ती विकली गेली की जुना स्टॉकिस्ट (कंपनीचा घाऊक विक्रेता) म्हणतो नव्या कंपनीला विचारा, नवा म्हणतो स्ट्रिपवर नाव जुन्याचं आहे. ब्रँड हवा, त्यावरचा नफा हवा, मग त्याच ब्रँडचा एक्सपायरी माल तेवढा नको? हजारो कोटींच्या करारात एवढी एक ओळ घालायला काय जातं? आणि दुसरी ओळ एमआरची: दोन वर्षं आहे त्या गावातून हलवायचं नाही. आणि तिसरी, तेवढे दिवस एमआरपीला हात लावायचा नाही.

तिसरी कुणी ऐकणार नाही, ठाऊक आहे. पहिलीसाठी तरी आपण केमिस्टांनी भांडायला हवं. ज्यांचा माल असा दोन कंपन्यांच्या मधे अडकलाय त्यांनी बिल नंबर आणि रक्कम मला पाठवा. शुक्रवारी केमिस्ट संघटनेची मीटिंग आहे, यादी घेऊन जाणार आहे. आणि सांगली-मिरजेत कुणाकडे चांगला, गाव पाठ असलेला माणूस हवा असेल तर तेही कळवा, नंबर देतो.