४० तासांचा कागद

आमच्या कॅनडातल्या मिसिसागाच्या मराठी मंडळींच्या गणपतीत यंदा पंगतीला वाढायला पंधरा-सोळा वर्षांची आठ-दहा मुलं होती. मसालेभाताचं पातेलं रिकामं झालं तसा त्यातला एक, हातातला डाव तसाच धरून, माझ्याकडं आला. "काकू, साइन कराल? चार तास." मी घड्याळ बघितलं. पावणेतीन तास झाले होते. मी चारवर सही केली. लेकरानं कोशिंबीर मन लावून वाढली होती.

ऑन्टारिओत ४० तास समाजसेवा केल्याशिवाय बारावीचा डिप्लोमा हातात पडत नाही. १९९९ साली जी मुलं नववीत गेली त्यांच्यापासून हा नियम लागला. काम मुलानं निवडायचं, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, शाळेच्या तासाला ते करायचं नाही आणि कागदावर सही आणायची. बरीच मुलं नववी-दहावीतच तास संपवून मोकळी होतात. उरलेल्यांचे आईबाप शेवटच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये ओळखीपाळखीत फोन फिरवत असतात, "तुमच्याकडं काही कार्यक्रम आहे का हो?"

हे सगळं आठवलं ते दादामुळं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवीला सीईपी आलंय, म्हणजे गावात-वस्तीत जाऊन काम करायचं आणि त्याचे क्रेडिट मिळवायचे. त्यावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, क्रेडिट लावलं की सेवेचं वाटोळं झालंच. दुसऱ्याचं, क्रेडिट नसतं तर ही पोरं मोबाइल सोडून उठलीच नसती. दादा पहिल्या तटातला. त्यानं मेसेजच्या शेवटी लिहिलं, "तिकडची मुलं बघा, स्वतःहून करतात." मला तो डाव धरलेला मुलगा आठवला आणि हसू आलं.

दादा, इकडंही सक्तीच आहे रे. कागद जरा गुळगुळीत आहे, इतकंच.

त्या कागदासोबत काय धरायचं नाही याचीही यादी येते. घरातली नेहमीची कामं धरत नाहीत. म्हणजे शेजारच्या आजींच्या दारातला बर्फ ओढला तर तास, आपल्या दारातला ओढला तर ते आईचं बोलणं टाळणं. विजेवर चालणारी हत्यारं नकोत, गाडी चालवणं नको, कुणाला औषध देणं नको. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चेष्टा केली होती. आम्ही टिकाव-फावडी घेऊन टेकड्या फोडलेली माणसं! मग ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली बुडाली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली आणि त्यात किती तरी जण गेले. त्या आठवड्यात कोल्हापूर-सांगलीची पोरं कुणाच्याही सहीची वाट न बघता छातीभर पाण्यात उतरली होती, त्याचा मला आजही अभिमान वाटतो. पण तेव्हापासून त्या यादीची चेष्टा करत नाही.

माझाही एक कागद होता. राष्ट्रीय सेवा योजनेचा. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झालेली ही योजना माझ्या वेळेपर्यंत गावोगावच्या कॉलेजांत पोचली होती. दोन वर्षांत २४० तास आणि दत्तक गावात शिबिर. मी १९९४ मध्ये केलं. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य. शाळेच्या खोल्यांत सतरंज्या टाकून झोपलो, पिठलं-भात खाल्ला, खूप हसलो. ते दिवस कुणी मागितले तर मी देणार नाही.

पण काम? आम्ही सांडपाणी मुरवायचे चौदा शोषखड्डे खणले. चौदा हा आकडा सरांनी आधीच ठरवला होता, कारण आदल्या वर्षी बारा झाले होते. कुणाच्या घरामागं खणायचे तेही ठरलेलं. शोषखड्ड्यात खाली मोठे दगड, वर लहान, त्यावर भोक पाडलेलं मडकं आणि मडक्यात काथ्या, म्हणजे खरकट्यातला चिकटा तिथंच अडकतो. तो काथ्या वरचेवर बदलावा लागतो. हे आम्ही कुणालाच सांगितलं नाही, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. एक बाई उंबऱ्यात बसून आमच्याकडं बघत होती. ती म्हणाली, "पोरींनो, सांडपाण्याचं राहू दे, हापसा दुरुस्त होतोय का बघा की." आम्ही हसून खणत राहिलो. समारोपाला पाहुणे आले, नारळ फुटला. पुढच्या वर्षी तिथून एसटीनं जाताना बघितलं तर तिच्या घरामागं डबकं होतं.

माझ्या कॉलेजला नावं ठेवायला हे सांगत नाही. ते शिबिर सक्तीचं नव्हतंच; हौसेनं नाव दिलं होतं आम्ही. तरी हापसा राहिला तो राहिलाच. म्हणून सक्ती की स्वेच्छा या भांडणात मला रस उरलेला नाही. काय करायचं हे ठरवताना पोरांना कुणी विचारतं का, आणि पोरं तरी उंबऱ्यातल्या बाईला विचारतात का, मला एवढंच बघायचं असतं.

आमच्या कोरेगाव तालुक्यातच ते बघायला मिळालं. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, म्हणजे गावागावांनी श्रमदानानं पाणी अडवायची चढाओढ, वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव अशा तीनच तालुक्यांत, आणि पहिला नंबर आमच्या तालुक्यातल्या वेळूचा आला. स्पर्धेआधी गावातल्याच माणसांना प्रशिक्षण होतं. आमच्या गावातून माझा चुलतभाऊ गेला. कॉलेज अर्धवट सोडलेला, दिवसभर पारावर, घरात कुणी त्याला चहा घेणार का एवढंही विचारायचं नाही. मेमध्ये मी सुट्टीला गेले तर हा डोंगरावर उभा, पाणी भरलेली नळी धरून समपातळी काढतोय आणि सत्तरीच्या आबांना सांगतोय, "इथं नको आबा, चर त्या दगडापासनं धरा." आबांनी धरला. मी ते बघत उभी राहिले, घमेलं उचलायचंही सुचलं नाही.

इथल्या एका गोष्टीचं मात्र मला कौतुक आहे, आणि ती कागदावर नाही. माझी लेक आणि तिच्या दोन मैत्रिणींनी ठरवलं, वस्तीतल्या पंजाबी आज्यांना मोबाइल शिकवायचा. लायब्ररीतल्या बाईंकडं खोली मागितली. बाई म्हणाल्या, शनिवारी बारापर्यंत मिळेल, खुर्च्या परत लावून जा. बास. पहिल्या शनिवारी कुणी आलं नाही. दुसऱ्याही नाही. मी कासावीस. दोन फोन केले असते तर गुरुद्वाऱ्यातून दहा बायका आल्या असत्या. लायब्ररीच्या बाई काचेतून तीन मुली आणि बारा रिकाम्या खुर्च्या बघत होत्या, पण आत आल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात पोरींनीच एका आजीला विचारलं. पाटी इंग्रजीत होती, ती कुणी वाचलीच नव्हती. आणि शनिवारी सकाळी या आज्या त्याच इमारतीतल्या पोहण्याच्या तलावापाशी, नातवंडांचे टॉवेल सांभाळत बसलेल्या असतात. मग शिकवणी तलावाकाठच्या बाकावर गेली. आज्यांना हवं होतं ते एकच, जालंधरला व्हिडिओ कॉल लावताना स्वतःचं तोंड कसं दिसेल ते.

आपल्याकडं तिसऱ्या शनिवारपर्यंत कुणी थांबलं असतं का? पहिल्याच दिवशी एखादे काका बॅनर, माइक आणि नगरसेवक घेऊन हजर. मीही तीच, मला बोलायला तोंड नाही.

दादाची मुलगी यंदा सीईपीला साताऱ्याजवळच्या एका गावात जाते. परवा तिचा फोन आला. पाण्याचा सर्व्हे होता, चाळीस घरं, घरटी एक फोटो. एका आजींनी फॉर्म भरून दिला आणि विचारलं, "मागल्या वर्षीबी लिहून नेलंतं. त्याचं काय झालं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही, आत्या. फोटो काढला."

मी म्हटलं, कॉलेजात मागच्या वर्षीचे फॉर्म कुठंतरी गठ्ठ्यात असतील, सरांना मागून बघ. ती म्हणाली, त्याचे क्रेडिट नाहीत. मग जरा थांबून म्हणाली, बघते.