उणे ५०चा उतारा हेलिकॉप्टरला लागू पडत नाही

फ्लाइट सिम्युलेटरवाल्या (कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्या) पोरांत सध्या एक मेसेज फिरतोय. सांगलीत बसून मला तो एका आठवड्यात तिघांनी पाठवला. तिसरा माझा मिरजेचा भाचा. मजकूर असा: 'जॉयस्टिक फार नाचते? सगळ्या ॲक्सिसची सेन्सिटिव्हिटी उणे ५०, डेड झोन १०, रिॲक्टिव्हिटी ५० करा. विमान असो की हेलिकॉप्टर, एकच सेटिंग. खरे पायलट असंच उडवतात.' (ॲक्सिस म्हणजे स्टिक, पेडल, थ्रॉटल यांची एकेक हालचाल; सेन्सिटिव्हिटी म्हणजे हालचालीला परिणाम किती; डेड झोन म्हणजे मधला मुका पट्टा; रिॲक्टिव्हिटी म्हणजे हुकूम किती लवकर पोचतो.) भाच्याने मेसेजबरहुकूम आकडे भरले आणि आयर्विन पुलाशेजारी हॉवर करता करता, म्हणजे हवेत एका जागी टांगून राहताना, पडद्यावरचं बेल ४०७ हेलिकॉप्टर कृष्णेत घातलं. सहा वेळा. मग मला फोन. या मेसेजमागच्या समजुती एकेक करून बघू.

'उणे ५० केलं की स्टिक शांत होते.' मधे शांत होते, कडेला पिसाळते. स्टिक पूर्ण ढकलली की पूर्ण परिणाम मिळायलाच हवा, त्यामुळे मधे जेवढं कापाल तेवढं कडेला साठतं. एक साधा कर्व्ह, म्हणजे स्टिकची हालचाल आणि परिणाम यांचा आलेख, घ्या: स्टिकच्या आकड्याचा (पूर्ण ढकलली म्हणजे १) निम्मा भाग, अधिक त्याच्या घनाचा निम्मा भाग. (प्रत्येक सिम्युलेटरचं सूत्र वेगळं, पण स्वभाव हाच.) स्टिक ५० टक्के नेली तर ३१ टक्के परिणाम. ८० टक्क्यांवर ६६. म्हणजे शेवटच्या पाचव्या हिश्शात एक तृतीयांश परिणाम कोंबलेला.

विमानात हे खपून जातं, कारण सरळ उडताना हात बहुतेक वेळ मध्याजवळच असतो. टेबलावरची स्टिक आखूड, बोटभर हलली तरी नाक वर, त्यामुळे सेस्ना १७२ या छोट्या विमानाला उणे २०-३० मीही ठेवतो. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे.

हेलिकॉप्टरचा हात मात्र मध्यावर नसतोच. बेल ४०७चा रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतो. अंग दुसऱ्या दिशेला फिरू नये म्हणून शेपटीचा रोटर जोर लावतो आणि त्याच जोराने अख्खं हेलिकॉप्टर उजवीकडे सरकू पाहतं. म्हणून हॉवरमध्ये सायक्लिक (हेलिकॉप्टर कलवणारी स्टिक) थोडी डावीकडे आणि शेपटीच्या रोटरचं डावं पेडल चांगलंच दाबलेलं. पाय कर्व्हच्या मऊ भागातून बाहेर पडून चढावर उभा. बारीक दुरुस्ती करायची ती नेमकी तिथे. पेडलला कर्व्ह शून्य ठेवा, सायक्लिकला अगदी माफक.

'डेड झोन १० ठेवला की हात स्थिर राहतो.' हात नाही, फक्त पडद्यावरचा आकडा स्थिर राहतो. उसाच्या ट्रॉलीचा जुना ट्रॅक्टर चालवलाय कधी? स्टेअरिंगला प्ले असतो. फिरवा, फिरवा, काही नाही, आणि मग एकदम वळतो. डेड झोन म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या स्टिकमध्ये आपण होऊन घातलेला प्ले. त्याचा खरा उपयोग एकच: सोडलेल्या स्टिकची थरथर गिळणं. विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत स्टिक सोडून बघा खूण किती हलते, आणि त्याच्या जेमतेम वर थांबा. माझ्या स्टिकला २ पुरतात. पोटेन्शिओमीटरवाल्या (आत घासणारा विद्युत भाग असलेल्या) जुन्या स्टिकमध्ये धूळ गेली असेल तर आकडा मधेच कुठेही उडी मारतो. त्याला डेड झोन काय करणार, साफसफाईच लागते.

'रिॲक्टिव्हिटी कमी केली की खऱ्यासारखं जड वाटतं.' जड नाही, उशिराचं वाटतं. हेलिकॉप्टर मुळातच उशिरा ऐकतं: आधी कलतं, मग हळूहळू त्या दिशेला पळायला लागतं. वर आपण आणखी उशीर घातला की काही झालं नाही असं वाटून हात पुन्हा ढकलतो, तेवढ्यात पहिलं ढकलणं पोचतं, मग उलट ओढाओढ. भाच्याचे सहाही अपघात याच झोक्याने झाले. रिॲक्टिव्हिटी १००. कॉम्प्युटर सेकंदाला २० फ्रेम देत असेल तर तोही उशीरच. तेव्हा स्टिकशी भांडण्याआधी ग्राफिक्स उतरवा.

'खरे पायलट असंच उडवतात.' सेस्नात कर्व्हचं पान नसतं, योकपासून (विमानाच्या स्टेअरिंगपासून) केबल थेट पंख-शेपटीपर्यंत जातात. वेग वाढला की हवा योक घट्ट करते. ६० नॉटचे १२० झाले तर हवेचा दाब चौपट. आपली स्प्रिंग दोन्ही वेगांना सारखीच. कर्व्हने हे भरून निघत नाही, ट्रिमने (हाताचा जोर न लावता नाक हवं तिथे धरून ठेवणाऱ्या सोयीने) थोडंफार निघतं. कराडच्या धावपट्टीवरून उडून सांगलीपर्यंत नाक हाताने दाबून धरणारे लोक मी पाहिलेत, आणि मनगट दुखलं की दोष सेन्सिटिव्हिटीला. ट्रिमचं चाक फिरवा की!

'सगळ्या ॲक्सिस'मध्ये थ्रॉटल (इंजिनाचा जोर) आणि कलेक्टिव्हही (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारी दांडी) आले, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. त्या दांड्यांना मध्यच नसतो. सरळ रेष ठेवा.

'एकच सेटिंग.' निदान दोन प्रोफाइल करा, विमानाचं वेगळं, हेलिकॉप्टरचं वेगळं. डीसीएस या सिम्युलेटरमध्ये तर प्रत्येक यंत्राचं सेटिंग आपोआप वेगळं राहतं. आकडा कुणाचा उचलू नका, माझाही नको. भाच्याच्या घराजवळ सतारमेकर गल्ली आहे. तिथे तंबोऱ्याची जवारी काढताना घोडी थोडी घासतात, ऐकतात, पुन्हा घासतात. तसंच: एका वेळी एकच आकडा पाचाने बदलायचा, पाच मिनिटं हॉवर करायचं, मग दुसरा.

भाच्याने तसं केलं. चौथ्या दिवशी बेल पुलाशेजारी अर्धा मिनिट टांगून ठेवलं. खुशीत येऊन त्याने काब्री जी२ हे दुसरं हेलिकॉप्टर काढलं. ते फ्रेंच, रोटर उलटा फिरणारा, त्याला उजवं पेडल लागतं. याने सवयीने डावं दाबलं आणि भोवऱ्यासारखा फिरला. लगेच फोन: "मामा, पेडलची सेन्सिटिव्हिटी किती कमी करू?"