माशाचा डबा

आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली कुणीतरी उकरून काढेलच. माझं घर जाहिरातींवर चालतं. डोंबिवलीत आमचं फ्लेक्स आणि विनाइलचं, म्हणजे जाहिरात छापून चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या कागदाचं, दुकान आहे. गेली सतरा वर्षं मी बस, टेम्पो, शाळेच्या व्हॅन, रिक्षांची टपं आणि निवडणुकीत रथ म्हणून मिरवणाऱ्या जीपगाड्या, जे जे चाकावर चालतं त्याला काही ना काही चिकटवत आलोय. तेव्हा पुढचं वाचून "अहो, मग दुकान बंद करा की" असं म्हणू नका. दुकान चालूच राहणार आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका पार्कचं काम आलं. नाव सांगत नाही, हायवेला लागून आहे, शाळांच्या सहली जातात, एवढं पुरे. तिथे लहान मुलांची आगगाडी आहे. इंजिन, पाच डबे, रुळांचा एक गोल आणि मध्ये पत्र्याचा बोगदा. पार्टी पाइप बनवणारी. त्यांना जाहिरातीसाठी अख्खी गाडी हवी होती, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत. माप घ्यायला गेलो तेव्हा गाडी पहिल्यांदा जवळून पाहिली. प्रत्येक डब्यावर कुणा पेंटरने ऑइल पेंटने एकेक प्राणी काढला होता. हत्ती, मासा, मोर, कासव आणि शेवटी ससा, जो खरं सांगायचं तर मांजरासारखा दिसत होता. माशाचे खवले मात्र एकेक करून रंगवलेले, प्रत्येकाला पांढरी कड. इतके खवले काढायचे पैसे त्याला कुणी दिले नसणार.

आम्ही एका रात्रीत गाडी गुंडाळली. पत्रा थिनरने पुसला, विनाइल बसवलं, स्क्विजीच्या पट्टीने दाबून हवा काढली, वळणांवर हीट गन मारली. सकाळी सहाला निळीशार गाडी उभी. कुठे फोड नाही, सुरकुती नाही. फोटो काढून स्टेटसला ठेवला.

जूनच्या अखेरीस फोन आला, तिसऱ्या डब्याची कड सुटलीय, पाणी आत शिरतंय. मी स्वतःच गेलो. दुपार होती, पाऊस नुकताच थांबलेला, गर्दी बेताची. गाडी चालवणारे एक काका आहेत, साठीला आलेले, गळ्यात शिट्टी. मी कड सोलून कोरडी करत होतो आणि ते बाकावर पोळीभाजी खात होते. सहज म्हणाले, "पूर्वी गाडी थांबली की रडारड असायची बघा. मला माशात बसायचंय, मला हत्तीत. मासा भरला तर पोरं पुढच्या फेरीपर्यंत थांबायची, पण मासाच पाहिजे. आता शांत आहे सगळं. मिळेल त्या डब्यात बसतात. फेऱ्या पटापट होतात."

ते तक्रार करत नव्हते. त्यांना बरंच वाटत होतं. माझा हात मात्र थांबला, कारण सोललेल्या कडेखाली मोराचा पाय दिसत होता. अर्धाच. उरलेला अर्धा माझ्या हातातल्या विनाइलला मागून चिकटून आला होता.

घरी येताना मला फ्लोरिडातली मोनोरेल आठवली.

२०१८ साली बहिणीकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा ऑरलँडोचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड पाहिलं. तिथल्या मॅजिक किंगडम या पार्कचं मोठं पार्किंग पार्कच्या दारात नाही. गाडी लावून बाहेर आलो की समोर तळं, आणि तळ्यापलीकडे किल्ल्याचं टोक. पलीकडे जायला बोट किंवा मोनोरेल. जागा नव्हती म्हणून असं केलं असेल, तर तसंही नाही. १९६०च्या दशकात डिस्नेने तिथे सुमारे २७,००० एकर जमीन घेतली होती. कॅलिफोर्नियात १९५५ साली पहिलं डिस्नेलँड उघडलं आणि बघता बघता त्याच्या कुंपणाला लागून मोटेलांचा आणि निऑनच्या पाट्यांचा बाजार भरला. तो आवरायला हातात जमीन नव्हती. त्या अनुभवाने पोळलेल्या वॉल्ट डिस्नेने दुसऱ्या वेळी आधी जमीन घेतली. डिस्नेलँडलासुद्धा त्याने चारी बाजूंनी मातीचा बांध घातलाच होता, आतल्या माणसाला बाहेरचं जग दिसू नये म्हणून. फ्लोरिडात बांधाचं काम तळं करतं. देवळात शिरण्याआधी आपण पाय धुतो, तसं. घरचे हप्ते, ऑफिस, ट्रॅफिक या काठाला ठेवायचं आणि त्या काठाला उतरायचं.

म्हणजे ती मोनोरेल नुसती वाहतुकीची सोय नाही. पार्क तिथूनच सुरू होतं. १ ऑक्टोबर १९७१ला पार्क उघडलं त्याच दिवसापासून ती धावतेय. गाड्या पांढऱ्या आणि प्रत्येकीच्या अंगावरून एक रंगीत पट्टा. तो पट्टा हेच तिचं नाव. रेड, गोल्ड, लाइम, टील, कोरल. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. फलाटावर डोळे घट्ट मिटून "पिवळी, पिवळी, पिवळी" असा जप चालला होता. आली टील, म्हणजे आपली मोरपंखी. तोंड पडलं. मग गाडी एका हॉटेलच्या पोटातून गेली (अक्षरशः इमारतीच्या आतून जाते, खाली लोक जेवताना दिसतात) आणि तेवढ्यात मोरपंखी हा जगातला सर्वांत भारी रंग ठरला. अजून तिच्या सायकलला तो रंग आहे.

आता धंद्यातली गोष्ट. २०१० साली यातली कोरल, म्हणजे पोवळ्याच्या रंगाची गाडी, त्या डिसेंबरात येणाऱ्या 'ट्रॉन: लेगसी' या डिस्नेच्याच सिनेमासाठी गुंडाळली गेली. एका बाजूला निळी, दुसऱ्या बाजूला पिवळी, प्रकाशाची रेघ मागे सोडत जाणारी सिनेमातली मोटरसायकल. कारागिरी म्हणून विचाराल तर अप्रतिम. तसल्या निमुळत्या नाकावर विनाइल बसवणं काय असतं ते मला माहीत आहे, आणि फोटो मोठे करकरून पाहिले तरी मला जोड सापडला नाही. लोकांनी लाडाने तिला ट्रॉनोरेल म्हटलं. पण पोवळ्याच्या रंगाची गाडी तेवढे दिवस नव्हतीच ना. 'कोरल येऊ दे' म्हणून डोळे मिटणाऱ्या पोराला काय सांगायचं? डिसेंबरात सिनेमा येतोय, तेव्हा बघ?

२०१२मध्ये अ‍ॅव्हेंजर्सचा, म्हणजे मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या सिनेमाचा नंबर लागला, आणि ती तर गंमतच. मार्व्हल कंपनी डिस्नेने २००९मध्येच घेतली होती, पण फ्लोरिडातल्या थीम पार्कांसाठी त्या पात्रांचे हक्क जुन्या कराराने युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी कंपनीकडे होते. त्यांच्या पार्कात १९९९पासून मार्व्हलचा वेगळा विभागच आहे. म्हणजे गाडीवर आयर्न मॅन, आणि ती गाडी जिथे नेऊन सोडते तिथे आयर्न मॅन भेटायची सोय नाही. लग्नाच्या गाडीवर वेगळ्याच नवऱ्या मुलाचं नाव लावण्यातला प्रकार.

हे सगळं मी आमच्या कट्ट्यावर बोललो तर एक मित्र (जाहिरात कंपनीत आहे, साहजिकच) म्हणाला, "अरे, अख्खं डिस्नेलँडच जाहिरात आहे. जाहिरातीवर जाहिरात लावली, तुझं काय गेलं?"

प्रश्न सोपा नाही. उलट मीच त्याच्या हातात आणखी दारूगोळा देतो. डिस्नेलँडच्या पहिल्या दिवसापासून तिथल्या वाहनांवर प्रायोजक आहेत. पार्कभोवती फिरणाऱ्या वाफेच्या गाडीचं नावच 'सांता फे अँड डिस्नेलँड रेलरोड' होतं. सांता फे ही खरीखुरी रेल्वे कंपनी, आणि ते नाव १९७४पर्यंत राहिलं. चंद्रावर नेणाऱ्या रॉकेटवर टीडब्ल्यूए या विमान कंपनीची अक्षरं होती. मुलांनी चालवायच्या छोट्या मोटारींना, ऑटोपियाला, रिचफिल्ड तेल कंपनीचा पैसा. आणि खुद्द स्लीपिंग ब्यूटीचा किल्ला? किल्ला १९५५चा, सिनेमा आला १९५९ला. चार वर्षं आधी उभी केलेली जाहिरात!

पण मग त्या गाड्या आणि तो किल्ला कुणाला का खटकला नाही? मला वाटतं, त्या कंपन्यांना गोष्टीत पात्र म्हणून घेतलं होतं. जुन्या अमेरिकेत वाफेचं इंजिन जाणार म्हटल्यावर त्यावर रेल्वे कंपनीचं नाव हवंच, नसतं तर ते खोटं वाटलं असतं. चंद्रावर रोजची प्रवासी सेवा सुरू झालीय असं नाटक करायचं तर यानावर विमान कंपनीचा शिक्का पाहिजे, त्यानेच तर पोराला ते खरं वाटतं. सांता फेने इंजिन झाकलं नाही, इंजिनाला गाव दिलं. आणि किल्ल्याचं म्हणाल तर सिनेमा येऊन गेला, पासष्टहून जास्त वर्षं झाली, किल्ला सोलून काढायला कुणी हीट गन घेऊन गेलं नाही.

रॅपचं, म्हणजे आम्ही गाडीला गुंडाळतो त्या विनाइलचं, तसं नसतं. रॅपवर तारीख असते, छापलेली असो वा नसो. पार्कात माणूस तारीख विसरायला जातो.

आणि हो, मी जाहिरातीचा सोवळा नाही. शहरात बसवर जाहिरात हवीच. बसचा खर्च कुठून निघणार? मुंबईचा अर्धा जीव पाट्यांमध्ये आहे. जत्रेतला आकाशपाळणा कुठल्यातरी चहाच्या नावाने फिरतो आणि शोभतो, जत्रा म्हणजेच गलका. लास वेगासचं बघा. डिस्ने वर्ल्डच्या पहिल्या पिढीतल्या दोन मोनोरेल निवृत्त झाल्यावर तिकडे गेल्या आणि १९९५पासून दोन हॉटेलांच्या मध्ये धावू लागल्या. पुढे २००४मध्ये तिथे मोठी मोनोरेल आली आणि तिचे डबे बिनदिक्कत जाहिरातींनी मढले. कुणाला खुपलं नाही. ते गावच दिव्यांच्या पाट्यांचं आहे, तिथे कोरी गाडी आली असती तर लोकांनी विचारलं असतं, हिला कुणी गिऱ्हाईक मिळालं नाही का?

शहरातसुद्धा एक गोष्ट मला स्वतःला टोचते, ती खिडकी. काचेवर आम्ही लावतो त्याला वन वे व्हिजन म्हणतात. बारीक भोकांची जाळी असलेलं विनाइल. बाहेरून चित्र दिसतं, आतून बाहेरचं दिसतं, असं आम्ही पार्टीला सांगतो. आतून काय दिसतं ते एका पावसाळ्यात मीच चिकटवलेल्या बसमध्ये बसून पाहिलं. कोरड्या दिवशी जग ठिपक्याठिपक्यांचं, जरा संध्याकाळ झाल्यासारखं. पाऊस लागला की भोकांत पाणी धरतं आणि मग स्टॉप कुठला आला ते कंडक्टरला विचारायचं. शेजारच्या आजींनी दोनदा विचारलं. मी गप्प. मुलांच्या गाडीत तर खिडकी हेच तिकिटाचं मोल. टोकियोच्या डिस्ने रिसॉर्टची मोनोरेल २००१पासून आहे, तिच्या खिडक्या चक्क मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या. तीही ब्रँडिंगच आहे की! पण त्या खिडकीतून बघता येतं.

तर यंदा परत एप्रिल आला आणि पाइपवाल्यांचा फोन आला, मागच्यासारखंच पुन्हा करा, फक्त डिझाइन नवीन. मी म्हटलं, शेठ, गाडी सोडा. तो पत्र्याचा बोगदा आहे ना, तोच तुमचा पाइप करू. अख्खा बोगदा, बाहेरून गोल, आतून गोल, तोंडावर तुमचं नाव. पोरं ओरडत पाइपातून जातील. आई-बाप बाहेरून व्हिडिओ काढतील, प्रत्येक व्हिडिओत तुमचं नाव. शेठ दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, "स्क्वेअर फूट किती भरतील?" गाडीपेक्षा कमी भरतात. त्यांना परवडलं. मला जरा कमी परवडलं, पण ते असो.

पार्कचे मॅनेजरही हो म्हणाले. अडचण आता खालच्या रंगाची आहे. विनाइल वर्षभर बसलंय, जुना ऑइल पेंट त्याच्याबरोबर सुटून येणार, मोराच्या पायाने ते दाखवलंच आहे. म्हटलं, ज्या पेंटरने हे काढलं त्याला बोलवा, जिथे उडेल तिथे परत भरून घेऊ. मॅनेजर हसले. म्हणाले, "त्याने कधीच सोडलं ते काम. तुमच्या फ्लेक्सवाल्यांनीच खाल्लं ना त्याचं. कुठेतरी वॉचमन आहे म्हणतात."

त्याचा नंबर मिळवायच्या मागे आहे. कुणाच्या ओळखीत कल्याण-बदलापूर पट्ट्यात जुने साइन पेंटर असतील तर मेसेज करा, पैसे बरे देईन, खवल्यांचेसुद्धा.

येत्या सोमवारी पार्क बंद असतं. हीट गन अगदी मंद ठेवून, बोटाबोटाने सोलून बघणार आहे. सुरुवात सशाच्या डब्यापासून. तो तसाही मांजरासारखा दिसत होता.