खुलासा : प्रार्थना की समुपदेशन, हा प्रश्नच चुकीचा आहे

‘रोज एकत्र प्रार्थना करणाऱ्या ११५२ जोडप्यांत एकाचाच घटस्फोट होतो, म्हणून समुपदेशनावर पैसे घालवू नका,’ असा अमेरिकेतला दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे. हा आकडा खरा मानला तरी निष्कर्ष चुकतो. ज्यांचं आधीच बिनसलंय, ती जोडपी रोज शेजारी बसून प्रार्थना करतील तरी कशी? कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

नीट तपासणी झाली ती जॉर्जिया विद्यापीठाच्या स्टीव्हन बीच आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात. ३९३ कृष्णवर्णीय अमेरिकन जोडपी, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने पाडलेले तीन गट. एका गटाला संवाद आणि भांडण हाताळण्याचं, विचार-वर्तन उपचारपद्धतीवर (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारावर) आधारलेलं प्रशिक्षण. दुसऱ्याला तेच प्रशिक्षण, वर प्रार्थनेची जोड. तिसऱ्याला फक्त वाचायला पुस्तक. दोन्ही प्रशिक्षित गट पुस्तकवाल्यांपेक्षा सरस ठरले. प्रार्थनेचा जादा फायदा दिसला तो मुख्यतः पत्नींमध्ये.

म्हणजे प्रार्थना प्रशिक्षणाच्या जागी नव्हती, सोबत होती. आणि तीही ‘देवा, ह्याला सुधार’ छापाची नव्हे (तसली आपल्याकडेही पुष्कळ होते!), तर जोडीदाराचं भलं मागणारी.

शिवाय हा कार्यक्रम नातं बळकट करण्यासाठी होता, मोडकळीला आलेल्या संसारावरचा उपचार नव्हे. घरात मारहाण असेल तर या अभ्यासाचा दाखला देऊन कुणाला ‘प्रार्थना कर, सहन कर’ सांगू नये. भारतात त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.