धण्याच्या पाण्याचे चाळीस दिवस

वर्षभरात हा मेसेज मला निदान वीस जणांनी पाठवला असेल, त्यातले निम्मे घरचेच. थोडक्यात असा: 'थायरॉईडची गोळी ही कंपन्यांनी लावलेली सवय आहे. एकदा लागली की सुटत नाही, हाडं पोकळ करते. गोळी बंद करा. रोज उपाशीपोटी धण्याचं पाणी प्या, कोबी-फ्लॉवर सोडा, आयोडीनचं मीठ टाकून सैंधव वापरा. चाळीस दिवसांत थायरॉईड मुळापासून जातो.' खाली जोडलेले हात आणि दहा जणांना पाठवायची विनंती.

मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे. बावीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी आहे, त्यामुळे हा मेसेज पुढे काय करतो ते मला दिसतं.

आधी एक साधा प्रश्न. कुठला थायरॉईड? ही तर ग्रंथी आहे, गळ्यात सगळ्यांनाच असते. कुणाची मंदावते, कुणाची उधळते. एकीत वजन वाढतं, थंडी वाजते; दुसरीत वजन उतरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. दोन्हींची औषधं एकमेकांच्या उलट. एकच पाणी दोघींनाही बरं करतं म्हणणाऱ्याला दुखणं नेमकं काय आहे तेच ठाऊक नाही. आणि ग्रंथी खरोखरच मुळापासून गेली, म्हणजे ऑपरेशन करून काढली, तर उरलेलं आयुष्य याच गोळीवर काढावं लागतं.

घोळ रिपोर्टपासूनच सुरू होतो. टीएसएच वाढला की लोक म्हणतात 'थायरॉईड वाढलाय'. खरं तर कमी झालेला असतो. टीएसएच हा हार्मोन येतो मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून, आणि त्याचं काम मुकादमाचं. मजूर ढिला पडला की मुकादमाचा आवाज चढतो. मजूर कामाला लागला की तो आपोआप खाली येतो.

गोळीत असतं लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे ग्रंथी स्वतः बनवते तोच टी-फोर हार्मोन. त्याची सवय लागते म्हणणं म्हणजे भाकरीची सवय लागते म्हणण्यासारखं. 1891 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी थायरॉईड निकामी झालेल्या एका बाईंना मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. पुढे तो अर्क पोटात घेत त्या 1919 पर्यंत, म्हणजे आणखी 28 वर्षं जगल्या. तेवढ्यासाठी 870 हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज तेच काम डाळीएवढी गोळी करते, दिवसाला दीड-दोन रुपयांत. औषध इतकं जुनं आहे की पेटंटचा प्रश्नच नाही आणि किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. कंपन्यांना गिऱ्हाईक लुटायचंच असेल तर याहून चांगल्या वाटा आहेत.

आता ते चाळीस दिवस. मेसेजची सगळी जादू इथेच आहे.

हे औषध रक्तातून हळूहळू उतरतं, निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. आज गोळी सोडली तर आठवड्याने अर्धं, दोन आठवड्यांनी पाव शिल्लक असतं. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे काहीच बिघडत नाही. उलट सकाळी गोळी घेऊन चहासाठी अर्धा-पाऊण तास थांबायची कटकट गेलेली असते, मन प्रसन्न असतं. श्रेय धण्यांना जातं, आणि नेमक्या याच दिवसांत मेसेज पुढे ढकलला जातो. नंतर थकवा येतो, केस गळतात, पोट साफ होत नाही, पण तेही इतकं सावकाश की दोष वयाला नाहीतर हवेला दिला जातो.

आमच्या गल्लीतल्या एक काकू मार्गशीर्षात घशाचं औषध मागायला आल्या. आवाज घोगरा, भर दुपारी अंगात स्वेटर, डोळ्यांखाली सूज. खोकला नाही, ताप नाही. मी विचारलं, "काकू, थायरॉईडची गोळी चालू आहे ना?" "अगं, ती श्रावणातच सुटली. धण्याचं पाणी घेते ना मी." दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन आल्या. टीएसएच 68. साधारण चारच्या आत असायला हवा.

मग काहींना खरंच बरं वाटतं ते कसं? बाळंतपणानंतर काहीजणींची ग्रंथी बिघडते आणि त्यातल्या बऱ्याचजणींची वर्षभरात आपोआप सावरते. कुणाचा टीएसएच सहा-सात असतो, तो पुढच्या तपासणीत नुसताच उतरलेला दिसतो. या बायका त्या काळात काहीही प्यायल्या असत्या तरी बऱ्याच झाल्या असत्या.

हाडांच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे. डोस गरजेपेक्षा जास्त झाला आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला, तर हाडं विरळ होतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पाळी गेलेल्या बायकांना धोका अधिक. त्यासाठी डोस तपासून घ्यायचा असतो. बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायला सांगतात तो याचसाठी.

कोबीचंही तसंच. 1928 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये नुसत्या कोबीवर ठेवलेल्या सशांना गलगंड झाला, तिथून ही भीती आली. माणसांतही एक उदाहरण नोंदलेलं आहे: 88 वर्षांच्या एका बाई कित्येक महिने रोज किलो-दीड किलो कच्चा पाकचोय (कोबीच्याच कुळातली चिनी पालेभाजी) खात होत्या, त्या थायरॉईड पार मंदावून गंभीर अवस्थेत दवाखान्यात पोचल्या. आपण कोबीची भाजी फोडणी देऊन, शिजवून, वाटीभर खातो. खा.

मिठाचा सल्ला मात्र मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो अख्ख्या घराला लागू होतो. हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1956 पासून काही भागांत आयोडीनचं मीठ दिलं, एका भागात साधंच ठेवलं. पाच-सहा वर्षांत आयोडीनवाल्या भागांत गलगंड ठळकपणे घटला, साध्या मिठाच्या भागात नाही. त्यातूनच 1962 चा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. 'आयोडीन जास्त होतं' म्हणणाऱ्यांनी हिशोब करावा: घरी पोचणाऱ्या मिठात दर ग्रॅमला किमान 15 मायक्रोग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. दिवसाला दहा ग्रॅम मीठ धरलं तर 150, आणि मोठ्या माणसाची गरजही 150 च. आयोडीनचा अतिरेक ग्रंथीला बाधतो हे खरं, पण तो वाट्टेल तशा पूरक गोळ्यांतून होतो, पोह्यांवरच्या मिठातून सहसा नाही. सैंधवात आयोडीन नावापुरतंच. उपवासाला चालवा, रोजच्या आमटीत नको.

आणि आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या भागांत थायरॉईड मंदावण्याचं मुख्य कारण मीठ नसतंच. आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते. जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हाशिमोतो. मीठ बदलून ती मारामारी थांबत नाही.

गरोदर बाईने हा मेसेज ऐकू नये, एवढंच सांगते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉईडवर वाढतो. तेव्हा बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो.

काकूंना डॉक्टरांनी पुन्हा गोळी सुरू केली. चिठ्ठी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, घरी जुनी बाटली आहे, अर्ध्याच्या वर भरलेली, तीच संपवते. कुठे आहे विचारलं, तर स्वयंपाकघराच्या खिडकीत, गॅसच्या वर, झाकण हरवलेली. या गोळीला ऊन, वाफ आणि ओल काहीच सोसत नाही. नवीन दिली, झाकण घट्ट लावून, आणि कपाटात ठेवा म्हटलं.