बाहेरच्या खेळाडूंवरचा राग

फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. पैसे मोजून बाहेरचे खेळाडू आणणं बंद करा, पेठेतली पोरं खेळवा. यंदा एकानं वर पुस्ती जोडली, "इंग्लंडात बघा, गावागावात क्लब आहेत. ते असलं काही करतात काय?" मी इंग्लंडातच राहतो, त्यामुळे टाळकंच सरकलं.

करतात की! आमच्या गावचा क्लब नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या, म्हणजे नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांच्या लीगच्या, खालच्या विभागात आहे. जुलैत मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव. निम्मा संघ शेजारच्या गावांतून एकाच गाडीत कोंबून येतो. एक इलेक्ट्रिशियन, एक शाळेत शिकवतो, गोलकीपर तर मे महिन्यापर्यंत आमच्या कट्टर वैऱ्यांकडे होता. बहुतेकांशी करार नसतोच. दुसऱ्या क्लबानं सात दिवसांची नोटीस दिली की बोलणी सुरू, पन्नास पौंड जास्त मिळाले की गडी पसार. सराव सामन्यांच्या यादीत तर अर्धी नावंच नसतात, नुसतं 'ट्रायलिस्ट', म्हणजे चाचणीला आलेला. मोठ्या क्लबाचा २१ वर्षांखालचा संघ खेळायला आला की गेटवर चार पैसे जमतात, त्यातून पगार निघतात. एफए कप या इंग्लंडच्या बाद स्पर्धेच्या पात्रता फेऱ्या ऑगस्टमध्येच सुरू होतात आणि एक फेरी जिंकली तरी बक्षिसाची रक्कम येते, म्हणून दम आधीच कमवावा लागतो. या धांदलीत पोरगा कुठल्या गल्लीतला, हे कुणी विचारत नाही. मागे धावतो का, एवढंच विचारतात.

तेव्हा पैशानं फुटबॉल बुडतो, हे मला सांगू नका. बुडतो तो वर जायची शिडी नसल्यामुळे. एएफसी विम्बल्डन हा क्लब २००२ मध्ये चाहत्यांनी काढला, अगदी तळाकडून सुरुवात केली आणि २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या व्यावसायिक क्लबांत, पोचला. आपली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ ला सुरू झाली, मैदानावर जिंकून तिच्यात शिरणारा पहिला क्लब, पंजाब, यायला २०२३ उजाडलं. २०२५ च्या जुलैत तर ती लीगच लांबणीवर टाकली. आणि आपण भांडतोय कशावर, तर आघाडीचा खेळाडू शिवाजी पेठेतला की गोव्याचा! (इंग्लंडातला 'बरी' नावाचा क्लब २०१९ मध्ये पैशापायी लीगबाहेर गेला, हे कुणीतरी काढेलच. काढू दे.)

"तिकडं बसून तुला काय कळतंय?" हे उत्तर ठरलेलं. शनिवारी गेटवर तिकिटं द्यायला मी उभा असतो, सगळे नावानं हाक मारतात. क्लब हरला तरी मी घरी येऊन पोटभर जेवतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आमची तालीम (तिकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच) पाटाकडील तालमीकडून हरल्याचं फोनवर वाचलं, की त्या रात्री घास उतरत नाही. बायको म्हणते, तू दोन्हीकडचा प्रेक्षकच. मी म्हणतो, इकडचा कार्यकर्ता आहे. तिकडचा कोण, ते मात्र मला धड सांगता येत नाही.

ग्रुपवर शेवटी एकानं सुनावलं, "एवढं कळतंय तर वर्गणी भर." ती मी दरवर्षी न चुकता पाठवतो. यंदा तालमीच्या कार्यकर्त्याला फोन करून सहज विचारलं, तर म्हणाला, "दादा, तुमच्या पैशातनंच त्या गोव्याच्या स्ट्रायकरचं भागवलं."

हे मी ग्रुपवर टाकलेलं नाही.